गाड्यावर नाव

‘कधी गाड्यावर नाव, तर कधी नावेवर गाडा’ ही म्हण मराठीत दिवस पालटण्याबद्दल वापरतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांत तिचा पहिला अर्धा भाग उन्हाळ्यातल्या दर शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर दिसतो. तळ्यांवरचं बर्फ वितळलं, की शहर सोडून उत्तरेकडे निघालेल्या गाड्यांच्या मागे ट्रेलर आणि ट्रेलरांवर बोटी. एकट्या मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत आणि नोंदलेल्या बोटी आठ लाखांच्या घरात. मालक शहरात, तळं दोन-तीन तासांवर आणि बोट घराशेजारच्या अंगणात झाकून ठेवलेली. अशा कित्येक बोटी पाण्यापेक्षा डांबरावर जास्त अंतर कापतात.

म्हण जुनी आहे, तिच्यातल्या नावेला वल्ही असणार. आजच्या नावेच्या पाठीवर दोनशे किलोचं इंजिन लटकलेलं असतं. पाण्यात हे इंजिन नावेला नेतं. रस्त्यावर नावेला इंजिन न्यावं लागतं. ओझं वाहणारा बदलतो तेव्हा काय काय तुटू शकतं आणि ते तुटू नये म्हणून काय करतात, याची ही हकिकत.

हातात मावणारी मोटर

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. नॉर्वेत १८७७ साली जन्मलेला ओले एव्हिनरूड लहानपणीच विस्कॉन्सिनला आला आणि पुढे मिलवॉकी शहरात यंत्रकामात रमला. सांगतात, की तळ्याकाठच्या एका सहलीत त्याच्या होणाऱ्या बायकोला, बेसला, आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओले वल्हवत पलीकडच्या काठावर गेला, वल्हवत परत आला आणि तोवर आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलेलं असेल. पण १९०९ साली त्याच्या मोटरी विक्रीला आल्या, हे पक्कं. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने त्याच्या आधीच अशी मोटर बाजारात आणली होती. एव्हिनरूडची मोटर मात्र जास्त चालली. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो.

हे वजनच तिचं आकर्षण होतं. भाड्याच्या होडीला मागे दोन फिरकीच्या खिळ्यांनी ती आवळायची, दिवसभर मासे धरायचे, संध्याकाळी सोडवून घरी न्यायची. बोटीच्या बाहेर लावायची म्हणून नाव पडलं आउटबोर्ड. १९२१ साली एव्हिनरूडनेच ॲल्युमिनियम वापरून एल्टो नावाची मोटर काढली. तिची ताकद तीन अश्वशक्ती आणि वजन पहिलीपेक्षाही कमी. बोट ट्रेलरवर असो वा नसो, मोटर हातातून किंवा गाडीच्या डिकीतून जायची.

मग ताकद वाढत गेली आणि मोटर बोटीवरून उतरेनाशी झाली. मर्क्युरी कंपनीची आजची १५० अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटर २०६ किलोची आहे. एखाद्या बुलेट मोटारसायकलीहून थोडी जास्तच. याच कंपनीने २०२१ साली बारा सिलिंडरांची ६०० अश्वशक्तीची व्हेराडो आणली. तिचं वजन ५७२ किलो, जवळजवळ टाटा नॅनोएवढं. मधल्या काळात प्रदूषणाचे नियमही कडक झाले. अमेरिकेत १९९६ साली आउटबोर्डच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम आले आणि जुन्या टू-स्ट्रोक मोटरींची जागा फोर-स्ट्रोक घेऊ लागल्या. तळ्यावरची निळी धुराची रेघ गेली. पण तेवढ्याच ताकदीला काही किलो जास्त आले, आणि ते नेमके बोटीच्या शेवटच्या टोकावर.

भिंत, बिजागरी आणि पाय

बोटीच्या मागच्या आडव्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. फायबरच्या बहुतेक जुन्या बोटींत या भिंतीच्या पोटात प्लायवुड असतं. भिंतीला चार मोठ्या बोल्टांनी ब्रॅकेट आवळलेला असतो आणि ब्रॅकेटच्या वरच्या टोकाला दाराच्या बिजागरीसारखी एक आडवी नळी असते. अख्खी मोटर या नळीभोवती वर-खाली झुलते. वर इंजिनाचं डोकं, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला पंखा आणि पंख्याच्याही खाली माशाच्या परासारखं एक पातं. या पात्याला स्केग म्हणतात. उथळ पाण्यात दगडाला पहिली भेट त्याचीच होते, आणि रस्त्यावर डांबराला.

मोठ्या मोटरींत पाय वर उचलायचं काम तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे करतात. बऱ्याच मोटरींत असे तीन असतात. दोन आखूड आणि जाड, एक लांब. चालू बोटीत पायाचा कोन थोडाफार बदलायचा तर आखूड दट्टे पुढे येतात. साधारण वीस अंशांनंतर त्यांची पोच संपते आणि तिथून वर, पाय जवळजवळ आडवा होईपर्यंत, सारा भार एकट्या लांब दट्ट्यावर येतो. ट्रेलरवर बोट चढवली, पाय डांबराला घासू नये म्हणून पूर्ण उचलला, की मोटर नेमकी या एकाकी अवस्थेत जाते.

ब्रॅकेटच्या बाजूला एक छोटा खटकाही असतो. पाय वर उचलून खटका फिरवला, की मोटर त्यावर टेकते आणि तेलावरचा ताण कमी होतो. मोटर वर राहिलेली दिसते, खटका घट्ट बसलेला दिसतो, आणि मालक निश्चिंत मनाने गाडी सुरू करतो. आउटबोर्डच्या प्रवासातली नेहमी होणारी चूक हीच.

खटका कुठला, रस्ता कुठला

यामाहा असो वा मर्क्युरी, मोटरीबरोबर येणाऱ्या पुस्तिकांत याबद्दल स्वच्छ इशारा असतो. बोट ओढून नेताना या खटक्यावर विसंबू नये, कारण धक्क्यांनी मोटर त्यावरून निसटून खाली आदळू शकते. नुसत्या तेलाच्या दाबावर मोटर वर धरून ठेवणंही त्यांना मान्य नाही. पुस्तिकांचा पहिला सल्ला अनेकांना उलटाच वाटतो: पाय उचलूच नका, पाण्यात चालताना असतो तसा उभाच ठेवून बोट न्या. खाली पुरेशी जागा नसेल तरच उचला, आणि उचललात तर वेगळा आधार द्या.

पुरेशी जागा म्हणजे किती, हे अंगणातल्या सपाट फरशीवर मोजून चालत नाही. मर्क्युरीची पुस्तिका रेल्वे फाटक, घराच्या दारातला उतार आणि ट्रेलरची उसळी यांचा नाव घेऊन उल्लेख करते. मोटर ट्रेलरच्या चाकांच्या बरीच मागे असते. चाकं गटाराच्या खोलगट पट्टीत उतरली, की मागचं टोक खाली जातं आणि सपाटीवर वीतभर उंच दिसणारा स्केग जमिनीला लागतो. पेट्रोल पंपाच्या तोंडाशी असलेल्या चढावर तुटलेले स्केग ॲल्युमिनियम वेल्डिंग करणाऱ्यांना चांगलं काम पुरवतात.

खटका मग आहे कशासाठी? त्याचं उत्तर मालवणजवळच्या किनाऱ्यावर मिळतं. तारकर्ली-देवबागच्या बाजूला पर्यटकांना फिरवून आणणारी फायबरची होडी काठाशी येते, नावाडी इंजिन बंद करतो, पाय हाताने वर ओढतो आणि खटका लावतो. पंखा वाळूत रुतत नाही, होडी किनाऱ्याला टेकते, माणसं उतरतात. पाण्याची हलकी डोल, थोडा वेळ, उभी होडी. खटका याच कामाचा आहे. त्याच खटक्याला ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या ट्रेलरवर तीन तास पहारा द्यायला सांगितलं, तर दोष त्याचा नाही.

मान डोलावणारी मोटर

रस्ता नेमकं काय करतो, हे थोड्या गणिताने कळतं. २०६ किलोची मोटर घेऊ आणि समजू, की तिच्या वजनाचा मध्य ट्रान्समच्या मागे ४० सेंटीमीटरवर आहे. भिंतीवर येणारा पीळ सुमारे ८०० न्यूटन-मीटर भरतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला ऐंशी किलोचा माणूस लोंबकळला, तर बोल्टवर जेवढा पीळ पडेल तेवढा. ही झाली उभ्या ट्रेलरची गोष्ट. खड्ड्यात आदळलेला ट्रेलर गुरुत्वाच्या प्रवेगाएवढ्याच प्रवेगाने वर फेकला गेला, तर त्या क्षणी मोटरीचं वजन दुप्पट भासतं. पान्याला आता दोन माणसं लोंबकळतात, आणि पुढच्याच क्षणी एकही नाही. मग पुन्हा दोन.

इथे बोटवाल्यांत दोन तट आहेत. पाय उचलला की तो मागे लांब जातो, म्हणून भिंतीवरचा पीळ वाढतो, असं एका तटाचं म्हणणं. दुसरा तट आकृती काढून दाखवतो. पाय मागे जातो तसं बिजागरीच्या वर असलेलं इंजिनाचं जड डोकं पुढे, बोटीकडे झुकतं, त्यामुळे उभ्या ट्रेलरवर पीळ वाढेलच असं नाही. शिवाय ट्रान्सम काही नाजूक नसतो. पूर्ण वेगात पंख्याचा रेटा ब्रॅकेटचं खालचं टोक भिंतीवर दाबतो आणि वरचं टोक मागे ओढतो. भिंत बांधलेलीच असते ती हे सोसायला.

दुसऱ्या तटाची आकृती बरोबर आहे, पण तिच्यात रस्ता नाही. पाण्यातला रेटा एका दिशेने, सलग येतो. रस्त्यावरचा मार उलटसुलट असतो, मिनिटाला कितीतरी वेळा. उभ्या स्थितीत पाय ब्रॅकेटला आणि जाड दट्ट्यांना टेकलेला असतो, मोटर आणि भिंत एकजीव होऊन हादरतात. पाय पूर्ण उचललेला असताना मात्र मोटर लांब दट्ट्यावर मान डोलावत राहते. प्रत्येक डोलण्यात बिजागरीच्या नळीतले बुश थोडे घासतात, दट्ट्याच्या सीलवर ताण येतो, बोल्ट केसभर हलतात. ॲल्युमिनियमच्या भिंतीत अशा हजारो डोलण्यांतून बारीक तडा जन्मतो. फायबरच्या भिंतीत बोल्टाभोवतीचा सीलंट सुटतो, त्या फटीतून पाणी प्लायवुडमध्ये उतरतं आणि लाकूड आतून कुजत जातं. बाहेरून रंग तसाच चकचकीत. म्हणून जुनी बोट विकत घेणारे जाणकार आधी मोटरीचा पाय धरून दाबतात आणि नजर भिंतीवर ठेवतात. भिंत पापणीसारखी लवली, तर सौदा तिथेच थांबतो.

दांडा आणि बाही

आधार द्यायच्या वस्तू दिसायला साध्या आहेत. पहिला प्रकार दांड्याचा. अमेरिकेत त्याला ट्रान्सम सेव्हर म्हणतात. धातूच्या या दांड्याचं एक टोक ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीत किंवा रोलरच्या दांडीत अडकतं. दुसऱ्या टोकाला गलोलीच्या बेचक्यासारखा, रबर लावलेला फाटा असतो. फाट्यात मोटरीचा पाय बसतो आणि रबरी पट्ट्याने बांधला जातो. मग बटण दाबून मोटर किंचित खाली घेतात, इतकीच, की तिचं वजन दांड्यावर टेकावं. बटण फार वेळ दाबलं तर तेलाचा पंप दांडा वाकवू शकतो किंवा बोटीचं मागचं टोक वर उचलू पाहतो. दांडा लागल्यावर पाय डावी-उजवीकडे फिरायचाही थांबतो, हा वरचा फायदा.

दुसरा प्रकार बाहीचा. उचललेल्या मोटरीचा लांब दट्ट्या उघडा पडतो. त्या चकचकीत दांडीवर कडक प्लॅस्टिकची एक अर्धी नळी, शर्टाच्या बाहीसारखी, चढवतात आणि मोटर तिच्यावर उतरवून ठेवतात. वजन आता तेलावर नसून बाहीवर आहे. तेल झिरपलं तरी मोटर खाली येणार नाही. बाही चढवण्याआधी दांडी पुसून घ्यावी लागते, कारण तिच्यावर अडकलेला वाळूचा कण पुढे सीलला ओरखडतो. लाकडाचा ठोकळा ब्रॅकेटमध्ये कोंबण्याचा घरगुती उपायही पुष्कळांनी केलेला असतो. पहिल्या मोठ्या खड्ड्यात मोटर क्षणभर वर उडते, ठोकळा मोकळा होऊन रस्त्यावर पडतो, आणि मागून येणाऱ्या गाडीवाल्याला तो आधी दिसतो.

दांडा आणि बाही यांच्यात एक मूलभूत फरक आहे. बाही मोटरीला बोटीवर टेकवते. दांडा मोटरीला ट्रेलरवर टेकवतो. ट्रेलर आणि बोट या मुळात दोन वेगळ्या वस्तू आहेत. बोट रोलरांवर नुसती ठेवलेली असेल, तर खड्ड्यात ट्रेलर खाली जातो तेव्हा बोट क्षणभर अधांतरी राहते, आणि ट्रेलर उसळतो तेव्हा त्याची पाठ बोटीच्या बुडावर आपटते. अशा वेळी दांडा ट्रेलरचा प्रत्येक ठोसा थेट मोटरीच्या पायात पोचवतो. आधार म्हणून लावलेली वस्तू हातोडा बनते.

म्हणून दांड्याच्या आधी पट्टे. बोटीच्या नाकाला विंचचा पट्टा असतोच, पण तो बोट ट्रेलरवर ओढून घेण्यासाठी. प्रवासात नाकाला वेगळी साखळी लागते, आणि मागे ट्रान्समच्या दोन्ही कड्यांपासून ट्रेलरपर्यंत दोन पट्टे, रॅचेटने ताणलेले. हे पट्टे विसरणारे पुष्कळ. बोट जड आहे, ती कुठे जाणार, हा त्यांचा युक्तिवाद. बोट कुठेही गेली नाही तरी तिचं दोन बोटं उचललं जाणं मोटरीला पुरतं. मागचे पट्टे ताणले, की ट्रेलर, बोट आणि मोटर या तीन वस्तूंची एक वस्तू होते.

शेपटीचं वजन

एवढं सारं घट्ट बांधल्यावरही मोटरीचं वजन आपलं अस्तित्व आणखी एका ठिकाणी दाखवतं: ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या गोळ्यावर, म्हणजे हिचवर. ट्रेलरच्या एकूण वजनातला साधारण दहावा हिस्सा या गोळ्यावर पडावा, असा अमेरिकेतला ढोबळ नियम आहे. तो फार कमी झाला, तर वेग वाढताच ट्रेलर मागे शेपटी हलवू लागतो, आणि हे हेलकावे वाढत जाऊन गाडीलाच फिरवू शकतात. जुनी हलकी मोटर काढून नवी फोर-स्ट्रोक लावली, की चाकांच्या मागे पन्नास-साठ किलो वाढू शकतात. तेवढ्याने पुढचं टोक हलकं होतं. मग विंचचा खांब सरकवून अख्खी बोट ट्रेलरवर थोडी पुढे घ्यावी लागते, आणि ती पुढे घेतली की दांड्याची लांबीही पुन्हा जुळवावी लागते.

महापुरातली ओबीएम

महाराष्ट्रात बोट ट्रेलरवर घालून तळ्यावर जाणारे थोडे, पण मोटर रस्त्याने नेणारे आहेत. पुण्याजवळ सुदुंबरे इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी असते. २०१९ आणि २०२१ साली सांगली-कोल्हापूरकडे महापुरात बचावासाठी गेलेल्या जवानांच्या तोंडी आउटबोर्डचं नाव ‘ओबीएम’. रबरी बोट हवा काढून गुंडाळता येते आणि मोटर तिच्यापासून वेगळी न्यायची असते. म्हणजे एव्हिनरूडच्या काळातलीच पद्धत.

सुट्या मोटरीचे नियम वेगळे आहेत. पाण्यातून काढल्यावर ती आधी उभी धरून पायातलं पाणी निथळू द्यायचं. लगेच आडवी केली आणि पाय डोक्यापेक्षा वर गेला, तर उरलेलं पाणी धुराच्या वाटेने उलटं इंजिनात शिरू शकतं. फोर-स्ट्रोक मोटर कोणत्या कुशीवर निजवायची हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि बहुधा मोटरीवरच खुणेने दाखवलेलं असतं. चुकीच्या कुशीवर खालचं तेल सिलिंडरात जातं. मग पुराच्या काठावर दोरी ओढून ओढून हात दुखतात, मोटर धूर ओकते, आणि पलीकडे छपरावर बसलेली माणसं वाट पाहत राहतात.

परतीची वाट

मिनेसोटात रविवारी संध्याकाळी पाण्याकडे उतरणाऱ्या रॅम्पवर पुन्हा रांग लागते. आता सारं उलट्या क्रमाने. बोट ट्रेलरवर चढते, गाडी तिला वर ओढते, आणि रॅम्प अडवून न ठेवता बाजूच्या मोकळ्या जागेत थांबते. इथे मोटरवाल्याला एक जास्तीचं काम असतं. १९८८ साली अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर तळ्यात झेब्रा मसल नावाचा परदेशी शिंपला सापडला. तो बोटींबरोबर तळ्यातळ्यांत पसरतो. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक असतात आणि थोड्याशा पाण्यातही प्रवास करतात. म्हणून तळं सोडताना बोटीतलं पाणी काढून टाकणं आणि बुडाचं बूच उघडं ठेवून प्रवास करणं मिनेसोटात कायद्याने बंधनकारक आहे. मोटरीतलं पाणी निथळायला पाय उभा करावा लागतो. उचललेल्या पायात पाणी साचून राहतं, आणि ऑक्टोबरच्या एखाद्या गोठवणाऱ्या रात्री त्याचं बर्फ झालं, तर आतलं ओतीव धातूचं कवच तडकतं.

मोटर खाली येते. पंख्याच्या मधून पाण्याची धार लागते, बारीक होते, थेंब थेंब होते. मग पाय पुन्हा वर, दांडा रोलरच्या दांडीत, बेचकं पायाखाली, रबरी पट्टा, मागचे दोन रॅचेट, नाकाची साखळी. पंख्यावर लाल कापडाची पिशवी. पंधरा-वीस किलोमीटरवर पहिला पेट्रोल पंप येतो. अनुभवी माणूस तिथे पेट्रोल नको असलं तरी उतरतो. चाकांच्या मधोमध हात लावून बेअरिंग तापलंय का पाहतो, पट्ट्यांवर टिचकी मारतो, मग मोटरीचा पाय दोन्ही हातांनी धरून जोरात हलवतो. नुसता पाय हलला, तर पट्टे पुन्हा ताणायचे. मोटर, बोट, ट्रेलर आणि पुढची पिकअप सारं मिळून एकदम डोललं, की तो हात पुसतो आणि गाडीत जाऊन बसतो.